बॅटरीच्या टर्मिनलांवरील गंज : त्याचीं कारणें व उपाय

कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांचा विजेशीं असलेला संबंध जुना आहे. खोपोलीचें जलविद्युत् केंद्र १९१५ सालीं व भिवपुरीचें १९२२ सालीं सुरू झालें. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांनीं खालीं आणून त्यावर निर्माण केलेली वीज तारांवरून मुंबईस जाऊं लागली. भिवपुरीच्या केंद्रांतून सुटलेल्या पाण्यावर राजनाल्याच्या कांठचा शेतकरी दुबार भात घेऊं लागला, हा लाभ आपणांस मिळाला खरा. परंतु ज्या डोंगरांच्या पायथ्याशीं ही वीज उत्पन्न होई, त्यांच्या पदरांत वसलेल्या वाड्यांना तारेची वीज पोंचण्यास पुढें कित्येक दशकें लागलीं. आजहि गांवठाणापासून दूर असलेलें खळें, कोंबड्यांची शेड किंवा वरकस जमिनीवरची खोप येथें तार गेलेलीच असते असें नाहीं. जेथें ती गेली आहे तेथेंहि पावसाळ्यांत झाड पडलें, खांब कलला, कीं दोन दोन दिवस अंधार होतो. ३ जून २०२० रोजींच्या निसर्ग चक्रीवादळांत रायगड जिल्ह्यांतील अनेक गांवें कित्येक दिवस विजेवांचून राहिलीं, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

या कारणानें सूर्यप्रकाशावर वीज उत्पन्न करणारीं पॅनेलें व ती वीज सांठवून ठेवणारी बॅटरी यांचा प्रसार आपल्या भागांत बराच झाला आहे. दूरच्या घरांना असे संच देण्याची तरतूद २०१७ सालच्या सौभाग्य योजनेंतहि होती. शेतावरच्या सौर पंपास बहुधा बॅटरी लागत नाहीं. तो ऊन असेल तोंवर चालतो. परंतु रात्रीचा दिवा, पिलांच्या शेडमधील उजेड आणि डुकरांपासून पीक राखणारें कुंपणाचें झटका यंत्र, हीं सर्व बॅटरीवर अवलंबून असतात. या सामग्रीविषयीं जी तक्रार नेहमीं ऐकूं येते ती अशी, कीं पहिलें वर्ष-दीड वर्ष सर्व ठीक चाललें, नंतर दिवे मंद झाले व शेवटीं ‘बॅटरी गेली’. बॅटरी खरोखर गेली असेल तर उपाय नाहीं. पण पुष्कळ वेळां बॅटरी शाबूत असून तिच्या टर्मिनलांवर सांचलेला गंज हेंच दुखण्याचें मूळ असतें. हा गंज काय आहे, तो कां धरतो, तो कसा काढावा व पुन्हा धरूं नये म्हणून काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

गंज कशाचा बनतो

आपल्याकडे बहुतेक ठिकाणीं शिशाच्या पत्र्यांची व गंधकाम्लाची बॅटरी वापरतात. ही जात गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधून काढली, व इतक्या वर्षांनंतरहि तिचें मूळ तत्त्व तेंच राहिलें आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीच्या पोटांत प्रत्येकीं सुमारें दोन व्होल्टचीं सहा घरें असतात. प्रत्येक घरांत शिशाचे पत्रे पाणी मिसळलेल्या गंधकाम्लांत बुडालेले असतात. झांकणांतून वर आलेले शिशाचे जे दोन खुंट, तींच टर्मिनलें. वायरीच्या टोंकास जें तांब्याचें किंवा पितळेचें थिंबल बसविलेलें असतें, तें नट-बोल्टानें या खुंटास आवळतात.

बॅटरी भरत आली म्हणजे तिच्यांतील पाण्याचें पृथक्करण होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायु बुडबुड्यांच्या रूपानें वर येतात. बुडबुडा फुटतांना त्याबरोबर आम्लाचे अतिसूक्ष्म तुषार उडतात, व ते झांकणाच्या भोंकांतून बाहेर पडून खुंटावर आणि थिंबलावर बसतात. कधीं पाणी कांठोकांठ भरल्यामुळें आम्ल उतूं जातें. कधीं नट वाजवीपेक्षां जास्त आवळल्यामुळें खुंटाभोंवतालची सांध फुटते, व तींतून आम्ल हळूहळू वर झिरपतें. गंधकाम्लाचा एक गुण असा कीं तें हवेंतील ओल शोषून घेतें. त्यामुळें टर्मिनलावर बसलेला आम्लाचा थेंब पुरा वाळत कधींच नाहीं. तो ओलाच राहतो आणि धातु खात राहतो.

आम्ल शिशास लागलें कीं पांढरी भुकटी बनते. तांब्यास अगर पितळेस लागलें कीं निळसर हिरवा क्षार बनतो. हा निळा पदार्थ आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. बोर्डो मिश्रणासाठीं जें मोरचूद आपण आणतों तेंच मुख्यत्वें हें होय, कारण मोरचूद म्हणजे तांबें व गंधकाम्ल यांच्या संयोगानें झालेला क्षार. बोल्ट लोखंडी असेल तर याच ठिकाणीं तांबूस तपकिरी गंज दिसतो. तेव्हां रंगावरूनच कोणता धातु झिजत आहे याचा अंदाज बांधतां येतो. पांढरें दिसल्यास खुंट, निळें-हिरवें दिसल्यास वायर व थिंबल, आणि तांबूस दिसल्यास बोल्ट तपासावा.

आपल्याकडेच हा त्रास अधिक कां

समुद्रकांठच्या गांवीं खाऱ्या हवेमुळें धातु लवकर खराब होतो, हें सर्वांस ठाऊक आहे. कर्जत-खालापूर समुद्रापासून आंत असल्यामुळें आपण त्यांतून सुटलों, असा पुष्कळांचा समज असतो. पण आपल्याकडे दुसरीं तीन कारणें आहेत.

पहिलें कारण पावसाळा. मृगापासून हस्तापर्यंत हवेंत ओल भरलेली असते, व सह्याद्रीच्या पायथ्याशीं तर ढग खालीं उतरून घरांत शिरतात. वर सांगितल्याप्रमाणें आम्ल ही ओल ओढून घेतें, आणि बॅटरीच्या माथ्यावर धूळ व आम्ल यांचा ओला थर बसतो. या थरांतून एका खुंटाकडून दुसऱ्या खुंटाकडे वीज थोडी थोडी झिरपत राहते. म्हणजे दिवा न लावतांहि बॅटरी उतरते.

दुसरें कारण उन्हाळा. चैत्र-वैशाखांत पत्र्याच्या शेडखालीं उष्णता फार वाढते. तापलेल्या बॅटरींत वायु अधिक सुटतो, पाणी लवकर आटतें व आम्लाचे तुषार अधिक उडतात. बॅटरीचें तपमान सतत १० अंशांनीं वाढलेलें राहिलें तर तिचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें, असा एक ढोबळ नियम आहे.

तिसरें कारण आपणच निर्माण करतों, व तें म्हणजे जागेची निवड. गोठ्याचा कोपरा रिकामा दिसला कीं बॅटरी तेथें ठेवली जाते. गोमूत्र व शेण यांतून सुटणारा अमोनिया तांबें व पितळ यांस खातो. खताचीं पोतीं ठेवण्याच्या खोलींतहि हीच स्थिति असते, कारण खत ओल धरतें व त्याचे क्षार हवेंत आणि धुळींत मिसळतात.

गंजानें नुकसान कसें होतें

गंज हा विजेचा चांगला वाहक नाहीं. खुंट व थिंबल यांच्या मध्यें त्याचा पातळ थर आला तरी विजेच्या वाटेंत अडथळा उत्पन्न होतो. पाटाच्या तोंडाशीं गाळ सांचला म्हणजे धरणांत पाणी असूनहि शेतांत धार बारीक येते, तसाच हा प्रकार आहे. त्याचा हिशेब पाहूं.

समजा, एका सांध्यांत गंजामुळें ०.०५ ओहम इतकाच अडथळा झाला आहे. बारा व्होल्टच्या इन्व्हर्टरवर ६०० वॅटचा भार टाकला असतां बॅटरींतून सुमारें ५० अँपिअर वीज वाहते. ५० ला ०.०५ नें गुणिलें असतां २.५ व्होल्ट येतात. म्हणजे इतका दाब त्या एका सांध्यांत खर्च होतो. बॅटरीवर १२.४ व्होल्ट असले तरी इन्व्हर्टरला ९.९ च मिळतात. असे इन्व्हर्टर साधारणतः १०.५ व्होल्टच्या आसपास ‘बॅटरी उतरली’ असें समजून बंद पडतात. येथें बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असते, आणि मालक ती विकण्याच्या विचारांत असतो. शिवाय त्या सांध्यांत २.५ गुणिलें ५०, म्हणजे १२५ वॅट इतकी उष्णता उत्पन्न होते. एवढ्या उष्णतेनें वायरीवरचें प्लास्टिक वितळतें, आणि जवळ पेंढा असेल तर आगहि लागूं शकते.

भरतांनाहि नुकसान होतें, व तें अधिक फसवें आहे. पॅनेलाकडून १० अँपिअर वीज येत आहे व सांधा तोच आहे असें धरल्यास त्यांत अर्धा व्होल्ट खर्च होतो. चार्ज कंट्रोलर आपल्या टोंकाशीं १४.४ व्होल्ट मोजतो व बॅटरी भरत आली असें ठरवून वीज कमी करूं लागतो. प्रत्यक्षांत बॅटरीस १३.९ च मिळालेले असतात. अशा रीतीनें ती रोज थोडी अर्धपोटीं राहते. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाचा कठीण क्षार बसत जातो, आणि तो एकदां पक्का झाला कीं पुन्हा विरघळत नाहीं. म्हणजे ज्या बॅटरीस आरंभीं कांहींच झालेलें नव्हतें, ती गंजाच्या पायीं खरोखर निकामी होते.

झटका यंत्राचें कुंपण असलेल्या शेतकऱ्यास याचा अनुभव रात्रीं येतो. संध्याकाळीं यंत्र टिकटिक करीत असतें; पण दिवसां बॅटरी पुरी न भरल्यामुळें पहांटेच्या सुमारास तें थंड पडतें. डुकरें रात्रींच येतात. उन्हाळी भात किंवा भातामागून केलेला वाल एका रात्रींत कसा उकरला जातो, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. दिवा नसलेल्या खळ्यावर सर्पदंशाचें भय असतें, तेंहि याच हिशेबांत धरलें पाहिजे.

दोष सांध्यांत कीं बॅटरींत

बॅटरी बदलण्यापूर्वीं हा निर्णय अवश्य करावा. त्यासाठीं तालुक्याच्या बाजारांत मिळणारा साधा मल्टीमीटर पुरतो.

दिवे किंवा पंखा चालूं ठेवून मल्टीमीटरची एक सुई शिशाच्या खुंटावरच टेंकवावी, व दुसरी त्याच खुंटास आवळलेल्या थिंबलावर टेंकवावी. सांधा स्वच्छ असेल तर फरक व्होल्टच्या एक-दोन शतांशांहून अधिक दिसूं नये. एक दशांश किंवा त्याहून अधिक दिसल्यास दोष त्या सांध्यांत आहे. दुसऱ्या खुंटावर, फ्यूजपाशीं, व एकीहून अधिक बॅटऱ्या असल्यास त्यांस जोडणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर हीच परीक्षा करावी.

यानंतर दोन्ही सुया दोन खुंटांवर ठेवून बॅटरीचा दाब पहावा. भरून दोन-तीन तास स्वस्थ राहिलेली चांगली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते, १२.१ च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते. पाणी घालण्याची सोय असलेल्या बॅटरींत हायड्रोमीटरनें सहाहि घरांतील आम्लाचें विशिष्ट गुरुत्व पहावें. भरलेल्या बॅटरींत तें बहुधा १.२४ ते १.२८ च्या दरम्यान असतें. नेमका आंकडा कारखान्याच्या पत्रकावर दिलेला असतो. सर्व घरें जवळजवळ सारखीं असून कमी असतील तर बॅटरी उपाशी आहे, ती नीट भरावी. पांच घरें चांगलीं व एकच फार खालीं असेल, आणि भरूनहि तें वर येत नसेल, तर मात्र दोष आंतला आहे; टर्मिनल घांसून तो जाणार नाहीं.

गंज काढण्याची रीत

साहित्य थोडें लागतें. खाण्याचा सोडा, कोमट पाणी, दांत घांसण्याचा जुना ब्रश, बारीक पॉलिश पेपर, सुतीं फडकीं, मुठीस चिकटपट्टी गुंडाळलेला पाना, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि व्हॅसलीन. हातांतील अंगठी, कडें, घड्याळ व गळ्यांतील साखळी काढून ठेवावी. पाना किंवा अंगठी दोन खुंटांस एकदम टेंकली तर शेंकडों अँपिअर वीज वाहून ती क्षणांत लाल होते. बॅटरींतून सुटणारा हायड्रोजन हवेंत शेंकडा चार भाग झाला तरी ठिणगीनें पेट घेतो. याकरितां दारें-खिडक्या आधीं उघडाव्या, आणि विडी, कंदील, उदबत्ती यांपैकीं कांहींहि जवळ आणूं नये. काम सकाळीं पॅनेलावर ऊन येण्यापूर्वीं करणें उत्तम, कारण तेव्हां बॅटरींतून वायु सुटत नसतो.

पहिली पायरी, सोडविण्याची. कोणती वायर कोठें आहे हें रंगानें किंवा चिठ्ठीनें खूण करून ठेवावें. प्रथम दिवे, इन्व्हर्टर वगैरे सर्व भार बंद करावा. नंतर पॅनेलाची वायर चार्ज कंट्रोलरपासून सोडवावी. बॅटरी सर्वांत शेवटीं सोडवावी, व तिची ऋण वायर आधीं आणि धन वायर नंतर काढावी. हा क्रम मोडूं नये. बॅटरी आधीं सुटली व पॅनेल जोडलेलें राहिलें, तर पॅनेलाचा पूर्ण दाब कंट्रोलरवर येऊन तो जळण्याचा संभव असतो. सुटलेल्या टोंकांवर कोरडें फडकें गुंडाळावें.

दुसरी पायरी, धुण्याची. बॅटरीच्या सर्व घरांचीं बुचें घट्ट बसलीं आहेत हें पहावें. अर्धा लिटर कोमट पाण्यांत दोन मोठे चमचे सोडा विरघळवावा, व ब्रशानें तो खुंटावर आणि थिंबलावर लावावा. लगेच फेंस येतो. बोर्डो मिश्रणांत चुना घातला म्हणजे मोरचुदाचा तीव्रपणा मरतो. तेंच काम येथें सोडा करतो. फेंस यावयाचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावावें. सोड्याचें पाणी आंतल्या घरांत एक थेंबहि जातां कामा नये, कारण तेथील आम्लच बॅटरीचा जीव आहे. नंतर साध्या पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें खुंट, थिंबल व बॅटरीचा सबंध माथा दोन वेळां पुसून कोरडा करावा.

तिसरी पायरी, घांसण्याची. खुंट व थिंबल यांच्या ज्या बाजू एकमेकांस टेंकतात, त्या पॉलिश पेपरनें चकचकीत होईपर्यंत हलक्या हातानें घांसाव्या. शिसें मऊ असतें. फार घांसल्यास खुंट बारीक होऊन थिंबल सैल पडतें. ही भुकटी कोरडी उडूं देऊं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. थिंबल खाऊन बारीक झालें असेल तर तें ठेवूं नये. वायरीच्या आंतील तांब्याचे धागे काळे किंवा हिरवे पडले असतील तर लालबुंद तांबें दिसेपर्यंत वायर कापावी आणि कथिल चढविलेलें नवें थिंबल यंत्रानें दाबून घ्यावें. नुसत्या पकडीनें चेपलेलें थिंबल पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीं.

चौथी पायरी, जोडण्याची. आतां क्रम उलट. बॅटरीची धन वायर आधीं, नंतर ऋण. इन्व्हर्टर जोडतांना त्याच्या अंतर्भागांतील रचनेमुळें लहानशी ठिणगी पडते, म्हणूनच हवा आधीं खेळती ठेवावयाची. नट हातानें न हलण्याइतका आवळावा; हातोडीनें ठोकूं नये. सांधा आवळून झाल्यावर मग सर्व उघड्या धातूवर व्हॅसलीनचा पातळ लेप द्यावा. कित्येकजण आधीं व्हॅसलीन चोपडतात व नंतर थिंबल बसवितात. शिसें व तांबें परस्परांस कोरडेंच भिडलें पाहिजे. लेपाचें काम बाहेरची हवा व आम्ल अडविण्याचें आहे. त्यानंतर पॅनेल, व शेवटीं भार जोडावा. पुन्हा मल्टीमीटरनें सांध्याची परीक्षा करावी, म्हणजे केलेल्या श्रमाचें फळ आंकड्यांतच दिसेल.

जे उपाय करूं नयेत

चिंच किंवा लिंबू यांनीं तांब्या-पितळेचीं भांडीं उजळतात, म्हणून कांहींजण टर्मिनलेंहि त्यांनींच घांसतात. त्यानें चमक येते खरी. पण येथें रोगच आम्लाचा आहे, व त्यांत दुसऱ्या आम्लाची भर पडते. चुलीची राख आम्ल मारते. परंतु तिचे कण आंत गेल्यास बॅटरी बिघडते. नुसतें उकळतें पाणी ओतल्यानें गंज वाहून खालच्या सांधींत बसतो. यंत्राचें काळें वंगण धूळ धरतें. गंज वाढला म्हणून बॅटरींत आम्ल ओतणें ही तर मोठीच चूक. बॅटरींतून आटतें तें पाणी. आम्ल आंतच राहतें. म्हणून भरावयाचें तें डिस्टिल्ड वॉटरच, व तेंहि बॅटरी भरून झाल्यावर, दाखविलेल्या खुणेपर्यंतच. पत्रे उघडे पडले असतील तर मात्र ते बुडण्यापुरतें पाणी आधीं घालून मग बॅटरी भरावी. विहिरीचें, नळाचें किंवा पन्हळीखालीं धरलेलें पावसाचें पाणी चालत नाहीं.

बंद तोंडाच्या बॅटऱ्या व हल्लीं दिव्यांबरोबर येणाऱ्या लिथियमच्या बॅटऱ्या उघडूं नयेत, व त्यांत पाणी घालण्याचा प्रश्नच नाहीं. त्यांच्यांतून आम्लाचे तुषार सहसा उडत नाहींत. तथापि ओलीनें त्यांचे नट-बोल्टहि खराब होतात. ते कोरड्या फडक्यानें पुसून आवळणें एवढेंच पुरें. असल्या बॅटरीच्या टर्मिनलावर पांढरा किंवा हिरवा क्षार वारंवार दिसूं लागला, किंवा तिचें पोट फुगलें, तर ती वापरांतून काढावी.

माणसें, जनावरें व पाणी यांची काळजी

आम्ल डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्यानें निदान पंधरा मिनिटें डोळा धूत रहावें व विलंब न लावतां डॉक्टरकडे जावें. अंगावर पडल्यास भरपूर पाण्यानें धुवावें. काम संपल्यावर साबणानें हात धुतल्यावांचून तंबाखू मळूं नये अगर भाकरीस हात लावूं नये, कारण ती पांढरी भुकटी शिशाची आहे व शिसें पोटांत गेलें असतां विष होतें. लहान मुलांना तर तें फारच बाधतें. गंज धुतलेलें पाणी विहिरीजवळ, गुरांच्या डोणींत किंवा भाजीच्या वाफ्यांत टाकूं नये. त्यांत मोरचूद दिसतें म्हणून तें फवारणीस वापरण्याचा मोह कोणासहि होऊं नये.

गुरांविषयीं विशेष सांगणें आहे. फुटकी बॅटरी बांधावर किंवा उकिरड्यांत टाकली असतां गुरें तिचे पत्रे चाटतात. शिशाच्या क्षारांची त्यांस गोडी लागते, व त्यानें जनावर आंधळें होऊन, झटके येऊन मरतें. जुनी बॅटरी घरीं फोडून शिसें काढण्याचा उद्योगहि करूं नये. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. नवी घेतांना जुनी दुकानदारास परत द्यावी. तिचें मोलहि वजा मिळतें.

गंज पुन्हा धरूं नये म्हणून

जागा प्रथम सुधारावी. गोठा, खतखोली व निजण्याची खोली वगळून, सावलीच्या व हवेशीर जागीं, जमिनीपासून वीतभर उंच लांकडी घडवंचीवर बॅटरी ठेवावी. पश्चिमेकडून येणारी पावसाची झड तेथें पोंचतां कामा नये. बॅटरीखालीं प्लास्टिकचें पसरट घमेलें ठेवल्यास सांडलेलें आम्ल घडवंचीस लागत नाहीं. गंज एकाच टर्मिनलावर दोन-तीन महिन्यांत पुन्हा पुन्हा येत असेल, तर खुंटाची सांध फुटलेली आहे असें समजावें. दोन्हीं टर्मिनलांवर येत असेल व पाणीहि लवकर आटत असेल, तर कंट्रोलर वाजवीपेक्षां अधिक भरीत आहे. तो जाणत्याकडून तपासून घ्यावा. कारण कायम राहिलें तर घांसण्यास अंत नाहीं.

वर्षांतून तीन वेळां पूर्ण साफसफाई पुरते. पहिली होळीच्या सुमारास, उन्हाळा तापण्यापूर्वीं. दुसरी मे महिन्याच्या अखेरीस, मृग लागण्यापूर्वीं. ही सर्वांत महत्त्वाची. तिसरी दसऱ्यास. खंडेनवमीस आपण नांगर, पंप व इतर अवजारें धुऊन पुसून त्यांची पूजा करतों, त्यांत बॅटरीसहि स्थान द्यावें. मात्र ओलीं फुलें, हळदकुंकू किंवा कलशाचें पाणी टर्मिनलांवर पडूं देऊं नये. याशिवाय महिन्यांतून एक ठराविक दिवस धरून माथा कोरडा पुसावा, पाण्याची खूण पहावी, व भार कांहीं वेळ चालवून मग तो बंद करून लगेच प्रत्येक सांधा हातास ऊन लागतो काय हें तपासावें. ऊन लागलेला सांधा पुढें गंजणार हें निश्चित समजावें. जवळच भिंतीवर एक कागद लावून त्यावर साफसफाईची व पाणी घातल्याची तारीख लिहीत जावी.

नवी बॅटरी हजारों रुपयांस पडते. सोडा, व्हॅसलीन व पॉलिश पेपर यांचा वर्षाचा खर्च शंभर-दोनशें रुपयांच्या पलीकडे जात नाहीं, व काम अर्ध्या-पाऊण तासाचें आहे. आपल्या शेजारच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतून देणगीदाखल आलेले दिवे पुष्कळदां याच किरकोळ कारणानें बंद पडून राहतात, कारण ते देणाऱ्यानें देखभाल शिकविलेली नसते. ज्या सभासदाच्या घरीं मल्टीमीटर व पाना आहे, त्यानें दसऱ्यापूर्वीं एक सकाळ तिकडे खर्च करून तेथील एकदोन तरुणांस ही रीत हातानें करून दाखवावी, अशी आमची सूचना आहे. नवे दिवे आणण्यापेक्षां असलेले तेवते ठेवणें हें कमी खर्चाचें आहे, आणि तें आपल्या हातांतलें आहे.